दहाव्याचा खेळ

अण्णा, गेल्या शनिवारी मी कावळा झाले. मुलुंड पश्चिमेला एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, लहान मुलांच्या टेबलाखाली, खांद्यावर काळी ओढणी घेऊन, या वयात आणि असले गुडघे घेऊन मी उकिडवी बसले होते आणि काव काव करत होते. तुम्ही असता तर म्हणाला असता, बाईमाणसाला शोभतं का हे. तुम्ही नाही आहात म्हणून तर लिहिते आहे. हयातीत लेकीचं एक वाक्य तुम्ही पुरं होऊ दिलं नाहीत. आता सगळं बसून ऐका.

माझ्या मुलाला एक मुलगी आहे, दुसरीत जाते. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. तिची आई, म्हणजे माझी सून, यंदा पावसाळ्याच्या तोंडाला गेली. साधा ताप म्हणून चालत दवाखान्यात गेलेली पोरगी, आणली ती झाकून. दहाव्याला घाटावर आम्ही सगळे होतो. हल्ली बायकाही जातात, मुलंही नेतात. पिंड ठेवले. वर तारेवर कावळे ओळीने बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. मग तुम्हाला ठाऊक आहे काय सुरू होतं ते. गेलेल्याची इच्छा राहिली असेल म्हणून एकेकाने पुढे व्हायचं आणि हात जोडून वचन द्यायचं. मुलाने सांगितलं, पोरीला सांभाळीन. मी सांगितलं, तिला आईची उणीव भासू देणार नाही. सुनेच्या भावाने सांगितलं, आपल्या आईच्या गोळ्या चुकू देणार नाही. कावळे ढिम्म. तेव्हा माझी चुलत जाऊ मागून म्हणाली, “पोरीत जीव अडकलाय गं तिचा. ही समोर आहे तोवर ती कुठची जातेय.” पोर माझा हात धरूनच उभी होती. ऊन वाढलं तसं गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला टेकवला आणि सगळे पांगले. रिक्षात बसताना तिने मला विचारलं, “आजी, तो खोटा कावळा होता ना?” मी म्हटलं, “शास्त्रात चालतो.” त्यानंतर ती बोलायची बंद झाली.

बंद म्हणजे बंदच. भूक लागली तर ताटलीशी जाऊन उभी राहायची. शाळेत हजेरीला हात वर करायची. रडायची नाही, हट्ट नाही, पसारा नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, किती शहाणी झाली हो एकदम. मला ते ऐकवत नसे, कारण अशी एकदम शहाणी झालेली एक मुलगी मी ओळखते. महिनाभराने शाळेच्या बाईंनी बोलावून सांगितलं की हिला खेळाच्या उपचाराला न्या, अशा मुलांना त्याचा उपयोग होतो. मुलगा म्हणाला, “आई, खेळायला घरात काय खेळणी कमी आहेत? वर तिथे पैसे भरून खेळायचं?” त्याचंही मी समजू शकते. तो स्वतःच धड जेवत नव्हता. त्याने ठरवून टाकलं होतं की दिवाळीच्या सुट्टीत तिला कणकवलीला तिच्या मामाकडे ठेवायचं. तिथे मुलं आहेत, अंगण आहे, विसरेल ती. मी म्हटलं, “तिला पाठवायचं तर आधी मला पाठव. दिवाळीपर्यंत माझ्या हाती दे.” तो म्हणाला, “दिवाळीपर्यंत. मग मी ऐकणार नाही हां.”

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मलाही तो उधळेपणाच वाटला होता. खोली बघितलीत तर तुम्ही हसाल. पाटाएवढा ट्रे, त्यात वाळू. कपाटात बाहुल्या, डॉक्टरची पेटी, रुग्णवाहिका, मातीचे रंगीत गोळे, आणि निम्मी खेळणी जुनी, कोणाच्या तरी घरून आलेली. एवढं शिक्षण घेतलेल्या बाई, ताई म्हणतात त्यांना सगळे, जमिनीवर मांडी घालून बसल्या आणि पोरीला म्हणाल्या, “इथे काय करायचं ते तू ठरव. तुला किंवा मला लागेल असं काही करायचं नाही, एवढाच नियम.” झालं. पुढे तासभर पोर वाटीने वाळू भरत होती आणि ओतत होती, आणि त्या बाई सांगत होत्या, तू वाटी भरलीस, तू ती ओतलीस, आता परत भरते आहेस. दार थोडं उघडं ठेवायचं अशी पोरीची खूण होती, म्हणून मी बाहेर बाकावर जपमाळ घेऊन बसलेली. मनात म्हटलं, ही तर क्रिकेटची कॉमेंट्री झाली, ती रेडिओवर फुकट मिळते. घरखर्चाच्या वहीत हे कुठल्या सदरात घालावं तेही मला कळेना. औषधपाण्यात लिहायला औषध नाही, शिक्षणात लिहायला शिकवत काही नाहीत. शेवटी देवधर्माखाली लिहिलं.

पण मी दर शनिवारी तिथे बसत गेले आणि मला दिसायला लागलं. वाळू भरून ओतणं संपलं, मग एक बाईची बाहुली वाळूखाली जायला लागली. पुरायची, वर काढायची, अंग पुसायची, परत पुरायची. मला वाटलं आता ताई काहीतरी चांगलं सांगतील, की बाळा, आई देवाघरी गेली वगैरे. त्या एवढंच म्हणाल्या, “ती आत गेली. तू तिला परत आणलंस.” मी नंतर जिन्यात विचारलं, “अहो, तुम्ही तिला सरळ विचारत का नाही?” ताई म्हणाल्या, “आजी, विचारलं की मुलं आपल्याला आवडेल ते उत्तर शोधायला लागतात. मला ते उत्तर नकोय. तुमच्या शेजारणीला काही सलत असलं तर ती रोज येऊन तेच तेच सांगते की नाही? मुलं तेच तेच खेळतात. त्यांचं सांगणं ते. आपण फक्त मध्ये पडायचं नाही.” मी म्हटलं, “आणि अभद्र खेळली तर?” त्या म्हणाल्या, “घडलंय ते अभद्र. तिने खेळायचंही नाही का?”

अण्णा, हे वाक्य ऐकून मी जिन्यातच बसले. ताईंना वाटलं चक्कर आली.

मी सात-आठ वर्षांची. कुर्ल्याची चाळ, आपली खालची खोली. आईने सावंतवाडीहून आणलेली लाकडी भातुकली, लाल-पिवळ्या रंगाची, जात्याचा खुंटासुद्धा फिरणारा. आई गेल्यावर मी दिवसभर ती मांडून बसायचे. चूल पेटवायची, भात चढवायचा, आईला हाक मारायची, ती आली नाही की परत पहिल्यापासून. आज मला कळतं मी काय करत होते. तुम्हाला ते दिसत होतं ते एवढंच की धाकटा रडतोय आणि मोठी खेळतेय. चाळीत कोणाकडे मयत झालं की पहिलं बोलावणं तुम्हाला. तिरडी कशी बांधायची, मडकं कोणी धरायचं, दहाव्याला पान कुठे ठेवायचं, सगळं तुमच्या जिभेवर. तेव्हा दहाव्याला बायका जात नसत, लहान मुलगी तर नाहीच. मला तुम्ही मुद्दाम नेलंत. धाकटा शेजारच्या काकूंकडे आणि मी तुमच्याबरोबर खाडीकाठी. मला आठवतं, पान ठेवलेलं आहे, सगळ्या पुरुषांचे पाय भोवती, आणि तुम्ही पानाला खेटून उभे. कावळा येत नाही. तुम्ही माझा दंड धरून पुढे ओढता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणता, “हिच्या खेळाची काळजी लागलीय तिला. घराचं कसं होणार म्हणून जीव अडकलाय. बोल, परत खेळणार नाही. घर बघीन, भावाला बघीन. बोल.” मी बोलले. तुम्ही हात वर केलात, सगळे मागे झाले, तुम्हीही झालात, आणि कावळा उतरला. लोक म्हणाले, बघा, पोरीच्या तोंडून वदवलं तेव्हा आली. घरी येईपर्यंत भातुकली शेजारच्या मुलीकडे गेलेली होती. ती माझ्यासमोर दारात मांडून बसायची आणि मी आत मोठ्या चुलीशी.

मी वचन पाळलं. तुमच्या भीतीने नाही हो. तुम्ही गेलात त्यालाही आता किती वर्षं झाली, आणि त्यानंतरही पाळलं. मला वाटायचं मी खेळले तर आई परत अधांतरी होईल, उपाशी. चुलीपुढे अभ्यास करून मॅट्रिक झाले, लग्न झालं, सासरी मंगळागौरीला सगळ्या फुगड्या घालायच्या आणि मी आत चहा गाळत बसायचे. माझ्या मुलाने घोडा हो म्हटलं की त्याला त्याच्या बाबांकडे पाठवायचे. बायका म्हणायच्या, कसली गं सुकलेली तू. मी म्हणायचे, मला आवड नाही. देवाचं सगळं केलं, उपास, वार, पोथ्या, सगळं, आणि प्रत्येक वेळी शेवटी मागणं एकच की आईला तिथे सुखी ठेव.

तर शनिवार. बाकावरून मला आत दिसत होतं, पोरीने मातीचे तीन गोळे केले. कागदाच्या ताटलीत ठेवले. मग कपाटातलं मिळेल ते माणूस आणून ताटलीभोवती उभं केलं. डॉक्टर, पोलीस, नवरा-नवरी, मुंडाशातला एक मिशीवाला म्हातारा, आणि एक डायनासोर, तोही नातेवाईकच असणार. मी माळ थांबवली. ती उठली, दारात आली आणि माझा पदर धरून ओढायला लागली. मी ताईंकडे पाहिलं. “तिला तुम्ही हव्या आहात,” ताई म्हणाल्या, “यायचं का?” पोरीने माझ्या खांद्यावर काळी ओढणी टाकली, टेबलाखाली बोट दाखवलं आणि माझं डोकं दाबलं. मला कळलं मी कोण ते. अण्णा, इतक्या वर्षांचं वचन, आणि खेळायचं तेही हे. मी म्हटलं, “अहो ताई, मला उठवायला दोन माणसं लागतील.” त्या म्हणाल्या, “मी आहे. पण नको असेल तर तसं तिला सांगा, चालेल.” नको असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण पोरीचा हात डोक्यावर तसाच होता, आणि दिवाळीची मुदत मागे लागलेली होती. मी खाली बसले.

मी काव काव केलं. पोर ताटलीपुढे हात जोडून उभी, माझ्याकडे बघतेय. ताई म्हणाल्या, “कावळा येत नाहीये.” पोरीने मान हलवली. ताई म्हणाल्या, “का येत नसेल?” पोरीने माझ्याकडे बोट केलं, की ही कावळा आहे, हिला विचार. आता मी काय सांगू? पोथीतलं आठवेना, शास्त्रातलं आठवेना. मी त्या टेबलाखालून समोर बघितलं तर मला पान दिसतच नव्हतं. नुसते पाय. डॉक्टरचे पाय, पोलिसाचे बूट, त्या डायनासोरचं शेपूट, आणि सगळ्यात पुढे पानाला खेटून तो मिशीवाला. मी म्हटलं, “मी कसा येऊ? एवढी माणसं उभी आहेत. मला भीती वाटते.”

आणि हे म्हणता म्हणता तुम्ही मला आठवलात. जेवताना तुम्ही आम्हाला सांगायचात ना, अमक्याच्या दहाव्याला लोक येड्यासारखे पानाभोवती गर्दी करून उभे, मी म्हटलं अरे मागे व्हा, कावळा माणसाला भितो, मागे झाले आणि लगेच शिवला. हसत हसत सांगायचात, वर आमटी मागायचात. तुम्हाला माहीत होतं, अण्णा. चाळीतल्या कोणालाही माहीत नसेल एवढं तुम्हाला माहीत होतं. दुसऱ्यांच्या दहाव्याला तुम्ही आधी माणसं मागे करायचात. माझ्या आईच्या दहाव्याला आधी माझ्याकडून बोलून घेतलंत आणि मग माणसं मागे केलीत.

पोर माझ्याकडे बघत राहिली. मग तिने डॉक्टरला उचललं आणि भिंतीशी ठेवलं. “मागे व्हा,” ती म्हणाली. आवाज घोगरा, गंजलेल्या कडीसारखा. मी टेबलाखालून डोकं बाहेर काढलं, पण ताईंनी नुसता हात दाखवला की हलू नका, म्हणून मी कावळाच राहिले. पोलिसाला म्हणाली, मागे व्हा. नवरा-नवरीला म्हणाली. डायनासोरला म्हणाली, “तू लांब जा, तू मोठा आहेस.” शेवटी तो मिशीवाला राहिला. त्याला तिने मुंडाशाला धरून उचललं, पार वाळूच्या ट्रेपलीकडे नेऊन उभं केलं आणि म्हणाली, “तुम्ही पण. सगळे म्हणजे सगळे.” मग बाजूला होऊन मला खूण केली, ये. मी गुडघ्यांवर रांगत बाहेर आले आणि मातीच्या गोळ्याला नाक लावलं. तिने विचारलं, “गर्दी होती म्हणून?” मी म्हटलं, “गर्दी होती म्हणून. तुझं काही नव्हतं.” ती म्हणाली, “मग आई गेली आता,” आणि जमिनीवर बसून जी रडायला लागली, दहाव्यापासूनचं सगळं. मी तिला उगी म्हणणार होते. ताईंनी मान हलवली. त्या तिच्याजवळ सरकल्या आणि म्हणाल्या, “आई गेली. खूप रडू येतंय तुला.” मला कोणी असं म्हटलं असतं तर, असं मनात आलं, आणि मग माझंच मला आवरेना.

रिक्षात ती म्हणाली, “आजी, तुझा आवाज कावळ्यासारखा नव्हता. कोंबडीसारखा होता.” घरी दार उघडल्यावर बापाला पहिलं हेच सांगितलं, “बाबा, आजी कोंबडी झाली होती.” तो हातात हेल्मेट घेऊन चपलांच्या मांडणीवरच बसला. कणकवलीचं त्याने परत काढलेलं नाही. ताई म्हणाल्या, एवढ्यावर थांबवू नका, शाळेत अजून ती हळूच बोलते, रात्री दचकते, शनिवार चालू राहू देत. मुलगाच म्हणाला, या शनिवारी मी नेतो.

धाकट्याला मी फोन करून तुमचं सगळं सांगितलं. तो म्हणाला, “ताई, अण्णा दुःखात होते गं. सुचलं नसेल त्यांना.” मी म्हटलं, “दुसऱ्याच्या दहाव्याला कसं सुचायचं रोज?” तो म्हणाला, “आता काय उपयोग, कशाला उकरतेस?” मी म्हटलं, “तुला वाढवायला मला लावलं, तेव्हा तू बोलूच नकोस.” तो हसला. माझा राग देवावर नाही. कावळ्यावर तर मुळीच नाही, तो बिचारा घाबरलेला. बायको गेली, घरात हात हवे होते, तर मागायचे होते. मी दिले असते. लेक होते मी तुमची. पण तुम्ही आईचा पिंड ओलीस धरून घेतलेत.

येत्या सर्वपित्रीला दरवर्षीसारखं तुमचं पान गच्चीवर ठेवणार आहे. स्वयंपाकात कसर करणार नाही. वडे, काळ्या वाटाण्यांची उसळ, खीर, सगळं तुमच्या आवडीचं. फक्त या वेळी मी मागे होणार नाही. पानाला लागून खुर्ची टाकून बसेन. नातीला शेजारी बसवेन, तिची भांडी मांडून द्यायची आहेत. कावळे येतील आणि कठड्यावर बसतील. तुम्ही येरझाऱ्या घाला. या वेळी वचन तुम्ही द्यायचंय. ते येत नाही तोवर आम्ही दोघी हलत नाही. आम्हाला कसली घाई नाही, आमचं जेवण आधी झालेलं असेल.

अग्नीत घातलेलं पितरांना पोचतं म्हणतात, म्हणून हे कागद मी जाळणार नाही. गव्हाच्या डब्याखाली राहतील, ऐकायचं तर तुम्हीच इथवर यायचं. आणि एक गोष्ट ताईंना सांगितलेली नाही, मुलालाही नाही. पोरीच्या तोंडून शब्द फुटला याचा आनंद मला झालाच, पण तो नंतर. त्याच्या आधी झाला तो त्या मिशीवाल्याला तिने मुंडाशाला धरून उचललं त्याचा.